तेहतीस मिनिटांचं ठिगळ

१

घोड्यांच्या शर्यतींवर ऑनलाइन पैसे लावणाऱ्या एका साइटच्या तक्रार विभागात मी अकरा वर्षं काम करते. लोकांना वाटतं, आमच्याकडे हरलेली माणसं रडत येत असतील. तसं काही नसतं. हरलेला माणूस गप्प बसतो. भांडायला येतो तो वेळ चुकलेला माणूस.

त्याचं असं आहे की शर्यत असते कुठल्या तरी दूरच्या देशात. तिथे सकाळ, तर इथे दुपार. आमच्या साइटवर एका पानावर तिथली वेळ दिसते, दुसऱ्या पानावर गिऱ्हाइकाची, आणि वरच्या कोपऱ्यात 'सुरू व्हायला इतकी मिनिटं' असं उलटं मोजणारं घड्याळ असतं, ते तिसऱ्याच कुणाचं तरी ऐकतं. त्यात काही देश वर्षातून दोनदा घड्याळ तासभर मागेपुढे करतात. त्या आठवड्यात आमच्या डोक्याला नुसता ताप असतो. माणूस चार दहाची शर्यत म्हणून चारला सगळं आवरून बसतो आणि बघतो तर घोडे कधीच पळून तबेल्यात गेलेले. मग तो माझ्या नावाने खडे फोडतो.

दुसरी नेहमीची तक्रार चित्राची. शर्यतीचं चित्र आमच्यापर्यंत जरा उशिरा पोचतं, निकाल मात्र लगेच येतो. वर जिंकलेल्या घोड्याचं नाव झळकतं आणि खाली तोच घोडा अजून शेवटच्या वळणावर धापा टाकत असतो. लोक विचारतात, मग आम्ही बघतोय ते काय? मी ठरलेलं उत्तर पाठवते, आपण पाहत असलेलं चित्र थोडं मागचं आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व. दिवसातून वीस वेळा तरी पाठवत असेन.

एखाद्याचं घड्याळ काही केल्या जुळत नाही, तेव्हा त्याच्या खात्यात एक चौकट उघडायची आणि हाताने मिनिटं टाकायची. त्याला आम्ही ठिगळ म्हणतो. त्याचा एकच नियम आहे आणि तो पिवळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येकाला दिलेला आहे. आधीचं ठिगळ उसवायचं, म्हणजे शून्य टाकून जतन करायचं, आणि मगच नवं लावायचं. माझ्याकडचा कागद मी जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय, कारण हल्ली मी घरूनच काम करते आणि ते टेबल हेच माझं ऑफिस.

२

घरून काम करते ते दादामुळे. माझा थोरला भाऊ. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि मी त्याला माझ्याकडे घेऊन आले. मागची खोली त्याला दिली. माझ्या खुर्चीपासून त्याच्या दारापर्यंत अकरा पावलं, मी मोजलीत. हाक मारली की पोचलेच पाहिजे, म्हणून.

दादा तीस वर्षं एका छापखान्यात वेळापत्रकं तपासायचा. गाड्यांची, बोटींची, शाळांची. पाच सत्तावीसचं पाच बहात्तर छापलं गेलं तर हा माणूस दोन दिवस जेवायचा नाही. लग्न केलं नाही, व्यसन कसलं नाही. पुढे एकच चाळा लागला, टॅबवर घोडे. पैसे म्हणाल तर अगदी किरकोळ. घोडा निवडायचा तो नुसत्या नावावरून. एकदा 'लेट लंच' नावाच्या घोड्यावर तो तीन आठवडे अडून बसला होता, कारण त्याला स्वतःलाच जेवायला उशीर होतो म्हणे.

आता आमच्या साइटवर कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनी खेळायला मनाई आहे. दादाचं खातं माझ्या नोकरीच्याही आधीचं. माझं ते सांगायचं राहून गेलं, असं म्हणू या. खरं तर सांगायचं टाळलं. त्याच्या दिवसात दुसरं होतं काय? गोळ्या, चालायचा व्यायाम आणि चार वाजता तपासायला येणारी नर्सबाई.

सोमवारी त्याने आतून ओरडून सांगितलं की तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. मी म्हटलं, तक्रार लेखी करा. तो म्हणाला, "ढमे, मस्करी नको. चूक ती चूक." अठ्ठेचाळीस वर्षांची झाले तरी त्याच्यासाठी मी ढमीच. मी त्याचं खातं एका छोट्या खिडकीत चोरून उघडलं, ठिगळाच्या चौकटीत चार टाकले आणि पटकन बंद केलं. झालं म्हटलं.

३

मंगळवारी दुपारी ऊन त्याच्या तोंडावर येत होतं. मी दारात उभी राहून विचारलं, पडदा ओढू का? दादा टॅबमध्ये बघत राहिला. मान वर नाही, हूं नाही, चूं नाही. मी पुन्हा विचारलं. मग जरा रागावून परत आले, कारण माझी रांग वाढत होती.

एकाची तक्रार संपवून दुसरी उघडली, तेवढ्यात आतून आवाज आला, "ओढ की. दोनदा काय विचारतेस?"

मी हसले. म्हटलं, ऐकायला कमी येतंय म्हणावं तर 'दोनदा' बरोबर ऐकू आलं. उठून पडदा ओढला तर त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. परत येऊन बसले, आणि काही वेळाने तो आतून म्हणाला, आता बरं वाटतंय.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, इतक्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस माणूस मंद होतो, उत्तरं द्यायला वेळ घेतो, काळजी करू नका. मला पटलं. न पटून करते काय.

बुधवारी दादाची पुन्हा तक्रार. घड्याळ सुधारलं नाही, उलट आता नऊ मिनिटं मागे आहे. मी एकीकडे एका चिडलेल्या बाईंना टाइम झोन कसा निवडायचा ते सांगत होते. त्याच गडबडीत दुसऱ्या हाताने खिडकी उघडली, नऊ टाकले, बंद केली. आधीचे चार उसवायचे राहिले. पिवळा कागद कोपराखालीच होता.

४

गुरुवारी साडेतीनला मी चहा करून त्याच्या उशाजवळच्या स्टुलावर ठेवला. दादाने कपाकडे ढुंकून पाहिलं नाही. थोड्या वेळाने पाण्याची बाटली भरून द्यायला गेले तर तो तसाच बसलेला, मांडीवर टॅब, दोन्ही हात त्यावर. कप मात्र रिकामा होता. तळाशी तेवढी ओली पत्ती. मी कपबशी उचलली, स्वयंपाकघरात नेली, बशी ओट्यावर ठेवली आणि कप नळाखाली धरला.

आणि आतून फुर्र असा आवाज आला. दादा चहा बशीत ओतून पितो तेव्हा येतो, तोच. लहानपणापासून त्यावरून मी त्याला चिडवत आलेय. फुर्र, मग 'हा' असा समाधानाचा उसासा, मग पुन्हा फुर्र. कप माझ्या हातात होता आणि त्याच्यातून नळाचं पाणी वाहत होतं. बशी ओट्यावर होती.

मी नळ बंद केला आणि नीट ऐकलं. पाच-सहा घोट असतील. शेवटी बशी स्टुलावर ठेवल्याचा टक असा आवाज आला. मग दादा म्हणाला, "आज आलं जास्त पडलंय."

मी जाऊन पाहिलं नाही. आता मला त्याचं आश्चर्य वाटतं. तेव्हा मी स्वतःला एवढंच सांगितलं की त्याने दुसऱ्या कशातून तरी पाणी प्यायलं असेल, आणि आल्याचं तो मगाशीच म्हणणार असेल, आठवलं उशिरा. माणूस स्वतःची समजूत काढायला लागला की कशानेही निघते.

चारला नर्सबाई आली. रक्तदाब पाहिला, नाडी पाहिली, सगळं छान म्हणाली. जाताना माझ्याशी हळूच बोलली की दादा आज रागावलेत का, एका शब्दाने बोलले नाहीत. मी म्हटलं, त्यांचा आज मूड नाही. ती गेली, मी दार लावलं, टेबलाशी येऊन चांगल्या दोन तक्रारी निकालात काढल्या. आणि मग रिकाम्या खोलीतून दादाचं हसू ऐकू आलं.

"बाई, तुमचे हात किती हो गार. बर्फाच्या कारखान्यातून आलात की काय?"

रिकाम्या म्हटलं ते चुकलं. दादा होता ना आत.

रात्रीचं जेवण करताना तो पुन्हा घड्याळावर घसरला. म्हणाला, "वीस मिनिटं, ढमे. मी पुढे पळतोय का तुमचं घड्याळ मागे पडत चाललंय, तेच कळेना झालंय मला." त्याचा चेहरा गोंधळलेला होता, शाळेत वाट चुकलेल्या पोरासारखा. मला वाईट वाटलं. म्हटलं, उद्या सकाळी पहिलं काम तुझं. आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता, कामावर बसल्याबसल्या, मी वीस टाकले.

५

आमच्या धंद्यात तक्रार आली की आधी फरक मोजतात. वाद घालायचा नाही, कारण शोधायचं नाही, आधी फरक मोजायचा. हे मी नव्या मुलींना शिकवते आणि माझ्याच घरात मला ते सुचायला शुक्रवारची दुपार उजाडली.

तीन वाजून आठ मिनिटांनी दादाने आतून हाक मारली, "ढमे, माझा चष्मा कुठंय गं?"

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "टेबलावर, टॅबच्या मागे." आणि मोबाइलवरचं मोजायचं घड्याळ सुरू केलं.

मग मी काम करत राहिले. एक गृहस्थ विचारत होते की 'स्थानिक वेळ' म्हणजे कुणाच्या स्थानाची. दुसऱ्या कुणाचं म्हणणं होतं की उलटं घड्याळ शून्यावर येऊन पुन्हा साठ झालं. मी उत्तरं दिली, पण काय दिली ते विचारू नका. मधे दोनदा जाऊन दारातून पाहिलं. दादा उशीजवळ चाचपत होता, पलंगाखाली वाकून बघत होता. चष्मा टेबलावर नव्हता. तो कुठे होता, तेच मला दिसेना. मी दादा, दादा म्हटलं. त्याने पलंगाखालची चप्पल सरळ केली.

तीन एक्केचाळीसला तो म्हणाला, "अगं हो, सापडला. टॅबच्या मागेच होता."

तेहतीस मिनिटं.

मी दादाच्या खात्याचा इतिहास उघडला. सोमवार, चार. बुधवार, नऊ. शुक्रवार, वीस. बेरीज करायला मला कागद लागला नाही.

६

आमच्याकडे एक तांत्रिक विभागाचा माणूस आहे, त्याला सगळे घड्याळजी म्हणतात. तोंडाने फटकळ, पण जीव लावणारा. मी त्याला फोन केला आणि आडून विचारलं, एका गिऱ्हाइकाला ठिगळावर ठिगळ लागलंय, त्याचं काय होतं?

बेरीज होते, तो म्हणाला, पिवळ्या कागदावर वाचलं नाहीस का? मी म्हटलं, वाचलंय, पण बेरीज नुसती स्क्रीनवरच होते ना? दुसरीकडे कुठे काही नाही ना?

यावर तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. उलट त्याने मलाच विचारलं.

"त्या गिऱ्हाइकाशी तू शेवटचं कधी बोललीस?"

मी म्हटलं, आत्ता. मग म्हटलं, तीन आठला.

"उसव," तो म्हणाला. "रांग सोड आणि आधी ते उसव." आणि मी आणखी काही विचारायच्या आत त्याने फोन ठेवला. हा माणूस एरवी फोन ठेवायचं नाव घेत नाही.

मी चौकट उघडली. आत शून्य टाकलं. आता फक्त 'जतन करा' दाबायचं होतं. तेवढ्यात बेल वाजली. चार वाजले होते, नर्सबाई आली होती. म्हटलं, तिला आत सोडते आणि येऊन दाबते.

७

ती आत गेली आणि मी खुर्चीशी परत आले, पण बसले नाही. टेबलाच्या कोपऱ्यातून दादाच्या खोलीचं अर्धं दार दिसतं.

दादा बसलेला होता. पाठीला उशी, मांडीवर टॅब, डोळ्यांवर चष्मा, दोन्ही हात टॅबच्या कडांवर. खुशीत होता. भुवया उंच करून म्हणाला, "दहा मिनिटं राहिली गं, सिल्व्हर बटनची. आज माझाच घोडा." सिल्व्हर बटनची शर्यत तीन चाळीसची. माझ्या स्क्रीनवर तिचा निकाल केव्हाच लागला होता. सिल्व्हर बटनच पहिला आला होता.

बाई त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती. ती खाली, उशीच्या कडेला बघत होती, जिथे नुसती चादर होती. तिने हात पुढे केला आणि बोटं वळवली, मनगट धरतात तशी. दादाचे दोन्ही हात टॅबवर होते, मी मोजले, दोन. बाईच्या बोटांत काही नव्हतं आणि तरी तिची बोटं मिटत नव्हती. ती तशीच राहिली, ओठ हलवत, मोजत. मग तिने बोटं जरा वर सरकवली आणि पुन्हा मोजलं. मग जे काही धरलं होतं ते तिने सावकाश चादरीवर ठेवलं. ते ठेवताना चादर दबली.

ती बाहेर आली. दार तिने लोटलं नाही, उघडंच ठेवलं.

"ताई, तुम्ही जरा बसा," ती म्हणाली. "हात गार पडलेत त्यांचे."

मी विचारलं, केव्हा? ती म्हणाली, फार वेळ नसेल झाला, पंधरा-वीस मिनिटं. हाक मारली नाही का त्यांनी?

आतून दादा म्हणाला, "नऊ मिनिटं."

तिनेही ऐकलं. मला ते दिसलं, तिच्या मानेवर काटा आला. पण तिने मागे वळून पाहिलं नाही. पिशवीतून फोन काढला आणि भिंतीकडे तोंड करून नंबर लावायला लागली.

मी खुर्चीत बसले. हाक मारली नाही का त्यांनी? मारलीच असणार. दादा मला पडदा ओढायलाही हाक मारायचा. तो 'ढमे' म्हणाला असणार, एकदा, दोनदा, आणि मी इथे अकरा पावलांवर कुणाला तरी स्थानिक वेळेचा अर्थ समजावत बसले होते. ती हाक गेली नव्हती. ती यायची होती. आणखी दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी, ती याच दारातून येणार होती, आणि मी तेव्हा धावले तरी पोचणार नव्हते.

समोर चौकट उघडी होती. तिच्यात शून्य. दाबलं की सगळं जुळणार होतं. खोलीत जे आहे तेच दिसणार होतं, आणि ती हाक मला कधीच ऐकू येणार नव्हती. खरं तर तेच बरोबर होतं. चूक ती चूक, दादाच म्हणाला असता.

आतून टॅबवर बोट आपटल्याचा आवाज आला. तो स्वतःशीच गुणगुणत होता. आठ मिनिटं, म्हणाला.

मी शून्य पुसलं. साठ टाकले. आधीचं काहीएक न उसवता मी ते दाबलं.

गुणगुणणं मधेच तुटलं. मग पलंग करकरला, काही तरी चाचपल्याचा आवाज आला. बाईला फोन लागला होता. ती पत्ता सांगत होती, वय सांगत होती. मग तिने फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, वेळ विचारतायत," ती म्हणाली. "किती सांगू?"

अकरा वर्षं मी दिवसभर याच प्रश्नाला उत्तर देत आलेय. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. सगळीकडे चार आठ होते. त्यातलं एकही दादाचं नव्हतं.

आतून तो म्हणाला, "ढमे, माझा चष्मा कुठंय गं?"

बाई माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "टेबलावर, टॅबच्या मागे."